चर्चच्या अंगणातला बासरीवाला



फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या वाट्याला जितक्या दंतकथा आल्या आहेत, तितक्या क्वचितच दुसऱ्या कुठल्या वाद्याच्या वाट्याला आल्या असतील. श्रीकृष्णाने मुरली वाजवली की यमुनेचे पाणी थबकायचे आणि गायी चरायच्या थांबायच्या, हे आपण आजीकडून ऐकलेले असते. इथल्या शाळेत मुले हामेलनच्या पुंगीवाल्याची गोष्ट ऐकून येतात. त्याच्या मागे आधी उंदीर गेले आणि मग गावातली मुले गेली. वादक मंडळी आपापसात तर याहून रंगवून सांगतात. बासरीवाल्यांच्या बैठकीत पन्नालाल घोषांची (१९११–१९६०) गोष्ट निघते. त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी लांब, खर्जाची बासरी घेतली. तिच्या भोकांवर बोटे पुरावीत म्हणून म्हणे त्यांनी दोन बोटांमधली कातडी डॉक्टरांकडून कापून घेतली! सॅक्सोफोनवाले अडॉल्फ सॅक्स (१८१४–१८९४) यांच्या बालपणाची गोष्ट सांगतात: जिन्यावरून पडले, टाचणी गिळली, भाजले, नदीत वाहून जाता जाता वाचले. सांगणारा प्रत्येक जण त्यात आपला एक अपघात घालतो. हे सॅक्स दिनांचे, आणि १८३० साली बेल्जियम वेगळा होईपर्यंत ते गाव नेदरलंड्सच्या राज्यातच होते बरे का!

पराचा कावळा कसा होतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण कधी कधी उलटही घडते. एखादी गोष्ट ऐकताना शुद्ध थाप वाटते आणि तपासायला जावे तो पर खरोखरच कावळ्याएवढा निघतो. अशाच एका माणसाची ओळख आम्ही या अंकात करून देणार आहोत. त्यांचे नाव याकोब फान आइक. (प्रसिद्ध चित्रकार यान फान आइक वेगळे; ते यांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी होऊन गेले.) आपल्यापैकी ज्यांची मुले संगीतशाळेत ब्लॉकफ्लाउट शिकतात, त्यांच्या कानावर हे नाव कधी ना कधी पडेलच.

ब्लॉकफ्लाउट शिकणाऱ्यांमध्ये फान आइकांविषयी तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, ते जन्मांध होते, तरी त्यांनी बासरीच्या संगीताचे एवढे मोठे पुस्तक लिहिले की तसे दुसरे झाले नाही. दुसरी, ते प्रचंड घंटेला हात न लावता नुसत्या तोंडाने शीळ घालून तिच्यातून सूर काढत. तिसरी, चर्चच्या अंगणात फिरायला येणाऱ्यांना बासरी ऐकवावी म्हणून चर्चने त्यांचा पगार वाढवला. आम्ही पडलो इंजिनिअर. चाचणी घेतल्याशिवाय काही पुढे सोडायचे नाही ही आमची सवय. तेव्हा त्यांचे चरित्र सांगता सांगता या तिन्ही गोष्टी तपासून पाहू.

याकोब यांचा जन्म १५९० च्या सुमारास एका खानदानी घराण्यात झाला. म्हणूनच त्यांच्या नावामागे योंकहेर ही पदवी लागते. आपल्याकडच्या लहानशा सरदार घराण्यासारखे समजा. त्यांचे बालपण ब्राबांटमधल्या हॉयस्डन या तटबंदीच्या गावात गेले. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण कान तयार होते. देवाने डोळे घेतले आणि त्याच्या बदल्यात कान दिले, असे लोक अशा वेळी म्हणून टाकतात. आम्हाला हे वाक्य तितकेसे पटत नाही, कारण त्यात त्या माणसाने घेतलेली मेहनत दिसेनाशी होते. कान सगळ्यांनाच असतात. एकाच घंटेचा नाद वर्षानुवर्षे ऐकून त्यातले सूर वेगवेगळे ओळखायला शिकणे ही साधना आहे, आणि ती याकोब यांनी केली.

त्या काळी हॉलंडच्या शहरांत घंटांना फार मान होता. लोकांच्या मनगटावर घड्याळे नव्हती. चर्चच्या किंवा नगरभवनाच्या मनोऱ्यात लहानमोठ्या घंटांचा एक संच टांगलेला असे, त्याला इथे कॅरिलॉन म्हणतात. तास पडण्याआधी या घंटांवर एक चाल वाजे, म्हणजे बाजारातला माणूस कान टवकारून ठोके मोजायला तयार होई. ही चाल आपोआप वाजावी म्हणून मनोऱ्यात एक मोठे फिरते पिंप असे. त्याच्यावर खिळे बसवलेले; पिंप फिरले की खिळा तरफ उचली आणि हातोडा घंटेवर पडे. चाल बदलायची तर खिळ्यांच्या जागा बदलायच्या. मुलांनो, तुमचे आई-बाबा ऑफिसात जो प्रोग्राम लिहितात त्याचा हा खापरपणजोबा! शिवाय सणासुदीला आणि बाजाराच्या दिवशी वादक स्वतः वर जाऊन वाजवी. त्याच्यासमोर लाकडी दांड्यांची पट्टी असे आणि तो मुठींनी त्या दांड्या दाबत असे.

उट्रेख्तच्या डोम मनोऱ्यातला संच पाहण्यासाठी याकोब १६२३ मध्ये त्या शहरात आले. पाहण्यासाठी हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत; त्यांचे पाहणे कानांनी आणि हातांनी होते. १६२५ मध्ये ते डोमचे कॅरिलॉनवादक झाले आणि १६२८ मध्ये शहरातल्या सर्व कॅरिलॉनची देखरेख त्यांच्याकडे आली. डोम मनोरा ११२ मीटर उंच आहे. आज पर्यटक त्याच्या ४६५ पायऱ्या चढताना दोनदा तरी दम खातात. त्याच मनोऱ्यात १५०५ साली ओतलेली साल्व्हातोर ही ८ टनांहून जड घंटा आहे. अशा गोलाकार, अरुंद जिन्याने एक अंध माणूस कामावर जात असे, आणि शहर आपला दिवस त्याच्या घंटांवर लावत असे.

आता ती शिळेची गोष्ट. इसाक बेकमन नावाच्या विद्वानाने आपल्या रोजनिशीत फान आइकांच्या या करामतीची नोंद करून ठेवली आहे. पुढे १६३८ मध्ये प्रसिद्ध तत्त्वज्ञ देकार्त, जे तेव्हा याच देशात राहत होते, त्यांनीही आपले पॅरिसचे मित्र मेर्सेन यांना पत्रातून उट्रेख्तच्या या अंध वादकाविषयी कळवले. देकार्त म्हणजे प्रत्येक गोष्टीवर आधी शंका घ्या असे सांगणारे गृहस्थ! त्यांनी ही गोष्ट कळवण्याजोगी मानली. म्हणजे शीळ घालून घंटेतून सूर काढण्याची गोष्ट खरी. आता ती शक्य कशी झाली ते पाहू.

घरात कुणाकडे सतार असेल तर तिच्या तरफेच्या तारा आठवा. वरच्या मुख्य तारेवर एखादा सूर छेडला की खाली त्याच सुराला मिळवलेली तरफेची तार कुणी हात न लावता आपोआप झणकारते. शेजारची, दुसऱ्या सुराची तार मात्र गप्प राहते. झोक्याचेही तसेच. झोक्याच्या स्वतःच्या लयीत हलके हलके ढकलले की झोका उंच जातो. लय चुकली की कितीही जोर लावा, तो अडखळतो. प्रत्येक वस्तूला तिची अशी आवडती कंपने असतात. बाहेरून नेमके तेच कंपन मिळाले की ती वस्तू साथ देऊ लागते. यालाच अनुनाद म्हणतात.

घंटेची गंमत अशी की तिच्यात एकच सूर नसतो. चांगल्या घंटेत पाच सूर स्पष्ट असतात, आणि ते आपल्या भाषेत सांगणे फार सोपे आहे. घंटेचा मुख्य सूर सा धरला, तर तिच्यात खालचा मंद्र सा असतो, मग हा सा, त्यावर कोमल ग, मग प, आणि मग तार सा. आकड्यांत मांडायचे तर कंपनांचे प्रमाण १, २, २.४, ३ आणि ४. त्या कोमल गंधारामुळेच घंटेचा नाद थोडा हुरहुर लावणारा वाटतो. आपण ऐकतो तेव्हा हे पाचही सूर एकमेकांत मिसळलेले असतात. फान आइक घंटेजवळ तोंड नेऊन शीळ घालत. नेमका सूर लागला की घंटेतला तेवढाच एक सूर मंदपणे जागा होई. मग दुसरा, मग तिसरा. एखाद्या हुशार मेकॅनिकने इंजिनाचा आवाज ऐकून नेमका कुठला भाग खडखडतो ते सांगावे, तसे ते घंटेचे पोट न उघडता तिच्या आतले सगळे सांगू शकत.

आणि इथे ही गोष्ट करमणुकीच्या पलीकडे जाते. त्या काळच्या पुष्कळशा घंटांमध्ये हे पाच सूर आपसात जुळलेले नसत. एक घंटा एकटी वाजली तर कुणाच्या लक्षात येत नसे, पण संच वाजू लागला की बेसूर गोंगाट होई. आपला तानपुरा नीट मिळवला नसला की गवई कितीही चांगला असला तरी मैफल बसते, तसेच ते. कोणत्या घंटेतला कोणता सूर चढा किंवा उतरता आहे हे ओळखल्याशिवाय ती दुरुस्त करणार कशी? फान आइकांना ते ओळखता येत होते. कोणता सूर घंटेच्या आकाराच्या कोणत्या भागावर अवलंबून असतो, याचाही त्यांनी अभ्यास केला होता.

त्यांच्या या ज्ञानाला हात मिळाले ते हेमोनी बंधूंचे. फ्रांस्वा आणि पिएर हेमोनी हे लोरेनमधून आलेले घंटा ओतणारे कारागीर. घंटा थोडी जाड ओतायची आणि मग आतल्या बाजूने, ठरावीक उंचीवर, धातू थोडा थोडा कातून काढत एकेक सूर जागेवर आणायचा, अशी ही पद्धत. हे काम फार जपून करावे लागते. एकदा कातलेला धातू परत चिकटवता येत नाही. १६४४ मध्ये झुटफेन गावच्या वाइनहाउस मनोऱ्यासाठी हेमोनींनी संच केला. नीट सुरात मिळवलेला हा जगातला पहिला कॅरिलॉन मानला जातो, आणि त्यामागे फान आइकांचे मार्गदर्शन होते. पुढे हेमोनींच्या घंटा देशभर गेल्या. आम्स्टरडॅमच्या वेस्टर मनोऱ्यातही त्यांच्याच घंटा आहेत. तुम्ही ॲन फ्रँकचे नाव ऐकले असेल. १९४२ मध्ये प्रिन्सेनग्राख्तच्या घरात लपून राहिलेल्या त्या मुलीला शेजारच्या याच मनोऱ्यातल्या घंटांचा धीर वाटायचा, असे तिने रोजनिशीत नोंदवले आहे. फ्रांस्वा १६६७ मध्ये आणि पिएर १६८० मध्ये वारले आणि त्यांच्यामागे ही विद्या हळूहळू लोपली. ती पुन्हा हाती लागली १८९० च्या दशकात, इंग्लंडमध्ये. दोनशे वर्षे घंटा ओतल्या जात होत्या, पण त्यांचे पोटातले सूर कसे जुळवायचे हे कुणाला नीट येत नव्हते!

आता बासरीच्या पगारवाढीची गोष्ट. उट्रेख्तमध्ये यान्सकेर्क नावाचे चर्च आहे. त्याच्या भोवतीच्या अंगणात, म्हणजे यान्सकेर्कहोफमध्ये, संध्याकाळी शहरातली माणसे पाय मोकळे करायला येत. फान आइक या चर्चच्या घंटाही वाजवीत, आणि अंगणात आपली छोटी बासरी घेऊन बसत. ही बासरी म्हणजे आजच्या ब्लॉकफ्लाउटची पूर्वज. तिला तेव्हा हातबासरी म्हणत. लाकडाच्या एकाच तुकड्यातून कातलेली, पुढे सात भोके आणि मागे अंगठ्यासाठी एक. १६४९ मध्ये चर्चच्या कारभाऱ्यांनी त्यांचे वार्षिक वेतन ८० गिल्डरवरून १०० गिल्डर केले. अट एकच: संध्याकाळी अधूनमधून अंगणात फिरणाऱ्यांना आपल्या बासरीने रिझवावे. ही गोष्ट कागदोपत्री नोंदलेली आहे. म्हणजे दुसरीही खरी आणि तिसरीही खरी! थाप वाटणाऱ्या गोष्टी चाचणीत उत्तीर्ण होत चालल्या आहेत.

राहिली पहिली गोष्ट, पुस्तकाची. इथे मात्र थोडी दुरुस्ती हवी. पुस्तक झाले हे खरे. आम्स्टरडॅमचे मुद्रक पाउलुस मातैस यांनी १६४४ मध्ये त्याचा पहिला भाग काढला, १६४६ मध्ये दुसरा, आणि १६४९ मध्ये पहिल्या भागाची सुधारलेली आवृत्ती. पुस्तकाचे नाव देर फ्लाउटन लुस्टहोफ, म्हणजे बासरीची आनंदबाग. ते अर्पण केले आहे कॉन्स्टँटिन हायगेन्स यांना. हे कवी, मुत्सद्दी आणि संगीताचे मोठे जाणकार. लंबकाचे घड्याळ करणारे शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांचे वडील. दोन्ही भाग मिळून सुमारे दीडशे रचना आहेत. एकट्या फुंकवाद्यासाठी एकाच माणसाने केलेला एवढा मोठा संग्रह युरोपात दुसरा नाही. त्यात चर्चमध्ये गायची स्तोत्रे आहेत, रस्त्यावरच्या लोकप्रिय चाली आहेत, इंग्रज संगीतकार डौलंड आणि इटलीचे काच्चिनी यांच्या गाजलेल्या चाली आहेत, आणि ज्यात बासरी नाइटिंगेल पक्ष्यासारखी किलबिलते ती इंग्रजी नाइटिंगेलची प्रसिद्ध रचनाही आहे.

पण हे पुस्तक फान आइकांनी लिहिले म्हणण्यापेक्षा वाजवले म्हणणे जास्त बरोबर. त्यांना स्वरलिपी दिसत नव्हती. त्यांनी वाजवले किंवा सांगितले, आणि दुसऱ्या कुणीतरी ते बसून कागदावर उतरवले. त्यांची वाजवण्याची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. आधी चाल साधेपणाने वाजवायची. मग तीच चाल पुन्हा, पण प्रत्येक लांब सुराचे दोन करून. मग चार करून. शेवटी तानांचा नुसता पाऊस. आपल्याकडे बरोबरी, दुगुन, चौगुन म्हणतात तेच. चाल न विसरता तिच्यावर नक्षी चढवत जायची. ऐकणाऱ्याच्या मनात मूळ धागा मात्र सुटता कामा नये.

आम्हाला या साऱ्या कथेत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा बसून लिहून घेणारा. बासरीचा सूर हवेत विरतो. अंगणातली संध्याकाळ संपली की संपली. २६ मार्च १६५७ रोजी फान आइक उट्रेख्तमध्येच वारले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये, डोम मनोऱ्यात हेमोनींचा नवा संच बसला. १६७४ च्या वादळात डोम चर्चचा मधला भाग कोसळला आणि मनोरा चर्चपासून तुटून एकटा उभा राहिला, तो आजही तसाच आहे. ब्लॉकफ्लाउटही पुढे मागे पडली. मोठ्या वाद्यवृंदात तिचा बारीक आवाज ऐकू येईना, म्हणून आडव्या बासरीने तिची जागा घेतली. पण पुस्तक उरले होते. विसाव्या शतकात जुन्या वाद्यांकडे लोक पुन्हा वळले. १९५० च्या दशकात या संग्रहाची आधुनिक आवृत्ती निघाली, फ्रान्स ब्रुखन (१९३४–२०१४) यांच्यासारख्या वादकांनी या वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी पुन्हा ऐकू येऊ लागल्या.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. देवळांच्या नगारखान्यात पिढ्यान् पिढ्या सनई-चौघडा वाजत आला. पहाटे देवाला जागवणारे ते सनईवाले फान आइकांसारखेच पगारी वादक होते. त्यांच्यातही कुणी असा कान असलेला असेल. पण त्यांतल्या बहुतेकांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. गुरूने शिष्याला दिले तेवढे उरले, बाकीचे गेले, आणि गेलेल्याच्या जागी दंतकथा उगवल्या. अमक्याची सनई ऐकून दिवा आपोआप लागला, तमक्याने एका दमात घटकाभर वाजवले. अशा गोष्टींना आम्ही हसत नाही. ज्यांचे सूर कुणी लिहून ठेवले नाहीत, त्यांची आठवण लोकांनी या मार्गाने जपली. पण एखादी नोंद, एखादे पत्र, एखादा हिशेबाचा कागद मागे राहिला असता, तर त्या गोष्टींतल्या किती खऱ्या निघाल्या असत्या कोण जाणे!

आपण मंडळी घरापासून हजारो मैल दूर राहतो. आपल्या घरांतही हाच प्रश्न आहे. आजीच्या ओव्या, आजोबांनी सांगितलेली गावच्या जत्रेची हकिगत, आत्याच्या मंगळागौरीच्या खेळातली गाणी, हे सगळे आज फोनवर ऐकता येते म्हणून ते कायमचे आहे असे वाटते. मुलांनो, तुम्हाला देवनागरी लिहिता येते. त्यासाठीच तर शनिवारी सकाळी झोपमोड करून वर्गात येता! मग याकोबकाकांच्या शेजारी बसून लिहून घेणाऱ्या त्या अनाम माणसाचे काम तुम्हाला करता येईल. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल.

शेवटी आमच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे थोडा गृहपाठ.

१. करून पाहा: पियानोचा उजवा पायपट्टा दाबून धरा आणि आत तोंड करून एक सूर जोरात म्हणा. गप्प झाल्यावर कान द्या. पियानो तुमचाच सूर परत म्हणतो की नाही? घरी पियानो नसेल तर न्हाणीघरात खालपासून वरपर्यंत हुंकार द्या. एका ठरावीक सुराला सगळी खोली घुमू लागेल.

२. जाऊन पाहा: उट्रेख्तच्या स्टेशनापासून डोम मनोरा चालत पाऊण-एक किलोमीटरवर आहे आणि यान्सकेर्कहोफ तिथून जवळच. शनिवारी तिथे फुलांचा बाजार भरतो. डोळे मिटून तासाच्या ठोक्यांची वाट पाहा. ठोक्यांआधी चाल वाजेल, ती घरी येऊन गुणगुणता आली पाहिजे.

३. लिहून आणा: घरातल्या किंवा गावाकडच्या वडीलधाऱ्यांना विचारून एक गाणे, ओवी किंवा गावातल्या एखाद्या वादकाची गोष्ट वहीत उतरवून आणा. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख न विसरता घाला. गोष्ट खरी वाटो वा थाप, ती ऐकली तशीच लिहा. खरे-खोटे आपण वर्गात मिळून तपासू.